सतरा नंबरची रजई

खरं सांगायचं तर हा मामला दोन मिनिटांत मिटला होता. अविनाशने रजई हातात घेतली, दाबून पाहिली, नाकाशी नेऊन हुंगली आणि म्हणाला, "चाचा, अशा ऐंशी पायजेत मले. जानेवारी संपायच्या आत." गुलाम रसूल म्हणाले, "हाव, भेटतील." त्यांच्या सुनेने, आसमाने, चहा आणून ठेवला. चहा पिऊन जो तो आपापल्या घरी गेला असता तर धाड गावच्या त्या गल्लीत पुढे जे झालं ते झालंच नसतं. पण चहाचे कप तीन होते, आणि तिसरा सुधाकररावांच्या हातात होता.

सुधाकरराव पंचायत समितीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले त्याला चार वर्षं झाली. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांची एकही फाईल त्रुटी काढून परत आली नाही. ही गोष्ट धाडमध्ये ज्याला माहीत नाही तो माणूस एकतर तान्हा असेल, नाहीतर कालच बदली होऊन आलेला असेल. गुलाम रसूल त्यांचे जिल्हा परिषदेच्या शाळेतले एका बाकावरचे सोबती. अविनाश म्हणजे पद्मजाबाईंच्या, सुधाकररावांच्या बायकोच्या, धाकट्या बहिणीचा मुलगा. त्याने शेगावला स्टेशनजवळ गेल्या वर्षी नवं लॉज काढलं होतं आणि त्याला रजयांसाठी रसूलभाईंच्या दारात आणून बसवलं होतं ते सुधाकररावांनीच.

आणि आणलं होतं ते उगाच नाही. रसूलभाईंचं चार पिढ्यांचं पिंजाऱ्याचं काम. आज्याच्या हातात कापूस पिंजायची धनुकली होती, यांच्याकडे पिंजायचं मशीन आलं, पण आता रजई भरून घेतो कोण? बाजारात वाघाचं चित्र असलेली ब्लँकेटं मिळतात, ती धुता येतात, वाळतात, आणि अंगावर असली काय नि नसली काय, थंडी सारखीच वाजते. पण लोकांना वाघ आवडतो. रसूलभाईंनी मशीन उन्हाळ्यात विकून टाकायचं ठरवलं होतं. सिल्लोडचं गिऱ्हाईक येऊन पाहूनही गेलं होतं. अविनाशची ऑर्डर नीट पार पडली तर त्याच्या ओळखीची आणखी तीन लॉजं होती. म्हणजे या ऐंशी रजया गेल्या तर मशीन राहणार होतं आणि परत आल्या तर मशीन जाणार होतं. हे सुधाकररावांना पक्कं माहीत होतं, म्हणून तर त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "अन् लेखी?"

"काय लेखी?" रसूलभाईंनी विचारलं.

"मालाची तपासणी कशी होईन, ते."

अविनाशला खरोखरच थोडी काळजी होती. गेल्या हिवाळ्यात त्याने दुसऱ्या कुणाकडून रजया घेतल्या होत्या. वरून झकास, आत जुन्या चिंध्या कुटून भरलेल्या. गिऱ्हाईकं रात्रभर खोकली आणि सकाळी त्याच्यावरच उखडली. म्हणून तो भाबडेपणाने म्हणाला, "काका, तसं काई नाई. माल आला की दोन-चार उघडून पाहीन."

इथे ठिणगी पडली.

"दोन-चार म्हंजे?" सुधाकरराव सरसावून बसले. "दोन का चार? आन् कोन्त्या दोन? वरच्या का खालच्या? उघडून म्हंजे कोन उघडीन? पाहीन म्हंजे काय पाहशीन? रंग? वजन? अन् एक चांगली निंगाली, एक खराब निंगाली, तं काय करशीन?"

अविनाशने रसूलभाईंकडे पाहिलं, रसूलभाईंनी आसमाकडे पाहिलं आणि आसमा कप उचलून आत निघून गेली.

"पाय बे सुधाकर," रसूलभाई हळूच म्हणाले, "तुले माह्यावर भरोसा नाई काय?"

"भरोसा आहे म्हणून तं लिहून राह्यलो! अनोळखी माणसासंग करार करायले मी येडा आहो काय?"

या उत्तराला काय अर्थ होता हे सुधाकररावांनाही सांगता आलं नसतं. पण ते अशा आवाजात म्हटलं गेलं की रसूलभाई उठून मशीनपाशी गेले. त्यांना ते लागलं होतं. लागलेलं बोलून दाखवायची त्या माणसाला सवय नाही, आणि समोरच्याचा चेहरा वाचायची सुधाकररावांना सवय नाही. ते कागद वाचतात.

त्या दिवसापासून रसूलभाई रजया भरू लागले आणि सुधाकरराव कलमं लिहू लागले. तिकडे दिवसाला सहा रजया होत, इकडे दिवसाला दोन कलमं. रजईत तीन किलो रुई भरायची, पन्नास ग्रॅमपर्यंत कमी चालेल, त्याखाली नाही, इथपर्यंत लेखणी सुसाट धावली. मग आलं कलम सहा: नमुना काढण्याची पद्धत. तिथे जी गाडी फसली ती चार दिवस निघेना. सुधाकरराव रात्री दोन-दोनला उठून बसायचे आणि पद्मजाबाईंना हलवून विचारायचे, "अवं, तू डाळ घेतं तं नमुना कसा काढतं?"

"मूठभर घेते हातावर, फुंकर मारते अन् पाह्यते. झोपा आता."

"पोत्याच्या कोन्त्या भागातून?"

पद्मजाबाईंनी कूस बदलली. लग्नाला पस्तीस वर्षं झालेल्या बाईकडे याला यापेक्षा चांगलं उत्तर नसतं.

सकाळी ही बातमी गल्लीत गेली, कारण पद्मजाबाईंनीच ती नळावर सांगितली. मग काय, सल्ल्यांना तोटा नाही. चिकनचं दुकान चालवणारा मोईज म्हणाला, "सरजी, वरची कधीच नाई घ्यायची. दुकानदार चांगला माल वरतं ठेवते. मी सोता ठेवतो ना!" समोरच्या सत्यभामाबाई, वय ऐंशीच्या पुढे, एक बकरी आणि दोन ठाम मतं बाळगून असलेल्या, म्हणाल्या, "जे सगळ्यात वंगाळ दिसते तेच उघडा. ते चांगलं निंगालं तं सारंच चांगलं." हे खरं तर फार शहाणपणाचं होतं, म्हणूनच सुधाकररावांनी ते ताबडतोब नाकारलं. 'वंगाळ' या शब्दाची व्याख्या करणं शक्य नव्हतं.

शेवटी त्यांनी पुण्याला मुलाला फोन लावला. धवल तिथे एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात आहे. म्हणजे घरचाच तज्ज्ञ.

"बाबा, सोपं आहे," धवल म्हणाला. "रँडम सँपल घ्या. सगळ्यांना नंबर द्या, चिठ्ठ्या टाका, आठ उचला. कुणाची मर्जी चालणार नाही. फक्त एक लक्षात ठेवा, उचललेली चिठ्ठी..."

तेवढ्यात धवलच्या साहेबाने त्याला हाक मारली आणि "नंतर करतो" म्हणून फोन बंद झाला. सुधाकररावांना पुढचं ऐकायची गरजही वाटली नाही. त्यांचं काम झालं होतं. त्यांनी झरझर लिहिलं: 'नमुने यादृच्छिक पद्धतीने काढण्यात येतील. यादृच्छिक म्हणजे ऐंशी रजयांना क्रमांक देऊन, तितक्याच चिठ्ठ्या एका भांड्यात टाकून, निःपक्ष व्यक्तीच्या हस्ते एकेक करून आठ वेळा चिठ्ठी काढणे. निघालेला क्रमांक अंतिम राहील व त्यावर कोणासही हरकत घेता येणार नाही.' खाली कलम सात: 'एकही नमुना वजनात कमी भरल्यास संपूर्ण माल नापास समजण्यात येईल.' हे वाक्य त्यांनी दोनदा मोठ्याने वाचलं. इतकं खणखणीत वाक्य पंचायत समितीतही त्यांच्या हातून उतरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ते बुलढाण्याला गेले. स्टँप पेपरच्या रांगेत दोन तास गेले. रांगेच्या टोकाला पोचले तेव्हा जेवणाची सुट्टी झाली, सुट्टी संपली तेव्हा सर्व्हर गेला, आणि सर्व्हर आला तेव्हा पेपर विकणारा चहाला गेला. हे सगळं सुधाकररावांनी शांतपणे सोसलं, कारण चौतीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला त्यांनी तरी दुसरं काय केलं होतं? पण नोटरीच्या टेबलावर मात्र त्यांच्या काळजाला घाव बसला. वकीलसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "निःपक्ष व्यक्ती म्हणजे कोण? व्याख्या नाही. त्रुटी आहे. दुरुस्त करून आणा."

त्रुटी! परतीच्या एसटीत कंडक्टरने तीनदा तिकीट विचारलं तरी त्यांना ऐकू आलं नाही.

घरी येऊन त्यांनी व्याख्या लिहिली. 'निःपक्ष व्यक्ती म्हणजे जिला रजई विकावयाची नाही, विकत घ्यावयाची नाही, व जिला अंक वाचता येत नाहीत अशी सज्ञान व्यक्ती.' गावात या व्याख्येत नेमक्या बसणाऱ्या म्हणजे सत्यभामाबाई. त्यांना विचारल्यावर त्या म्हणाल्या, "सज्ञान म्हंजे?" अठरा वर्षांच्या वरची, हे कळल्यावर त्यांनी आधी पदर तोंडाला लावून भरपूर हसून घेतलं आणि मग होकार दिला. आणखी दोन खेपांनंतर अकरा पानांचा करारनामा तयार झाला. अविनाशने शेगावहून येऊन सही केली. रसूलभाईंनी एकही पान न वाचता उर्दूत सही केली आणि पेन परत देताना सुधाकररावांकडे पाहिलंसुद्धा नाही.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तपासणीचा दिवस ठरला. सकाळी आठ वाजता रसूलभाईंच्या अंगणात ऐंशी रजया रचून तयार होत्या. लाल, हिरव्या, निळ्या खोळी, सरळ रेषेत टाके, प्रत्येकीच्या कोपऱ्याला नंबराचा बिल्ला. अविनाश टेम्पो घेऊन आला. सुधाकरराव पद्मजाबाईंनी विणलेला जाड लोकरीचा स्वेटर घालून, फाईल बगलेत मारून आले. कलमांच्या उजळणीपायी गेल्या चार रात्रींची झोप राहिल्यामुळे डोळे तांबारलेले. पण चाल अशी, की झेंडावंदनाला निघालेत.

पहिला खोळंबा काट्याचा. करारात लिहिलं होतं 'चालू वर्षाचा शिक्का असलेला वजनकाटा'. किराणा दुकानातल्या काट्याचा शिक्का दोन वर्षांमागचा. अडत्याचा काटा पोत्यांचा, त्यावर अर्ध्या किलोच्या खाली काही उमटत नाही. सोनाराचा काटा अचूक, पण त्याची तबकडी वाटीएवढी. सगळ्या धाडमध्ये यंदाचा शिक्का असलेला आणि रुई मावेल असा काटा निघाला तो मोईजच्या चिकनच्या दुकानात. मोईजने तो तीनदा साबणाने धुतला, उन्हात वाळवला, वर अत्तराचा फाया फिरवला आणि डोक्यावर घेऊन आला. "घ्या सरजी. आता याच्यात रुई तोला नाईतं लेकरू तोला."

दुसरा खोळंबा चिठ्ठ्यांचा, पण तो अजून दिसायचा होता. त्या सुधाकररावांनी स्वतः कापल्या होत्या, फुलस्केपच्या. सोळापर्यंत लिहून झाल्यावर पाठीमागून वारा आला, एक कोरी चिठ्ठी उडाली ती सापडेना. म्हणून सतरा नंबर त्यांनी घरात पडलेल्या एका लग्नपत्रिकेच्या जाड तुकड्यावर लिहिला होता. एवढ्याशा गोष्टीने काय होतं, असं त्यांना वाटलं. अख्ख्या अकरा पानांत त्यांनी एवढी एकच गोष्ट क्षुल्लक मानली होती.

सत्यभामाबाई पितळी डब्यासमोर पाटावर बसल्या, बकरी बाजूला खुंट्याला बांधली. बाईंनी डोळे मिटले, डब्यात हात घातला. संधिवाताने वाकडी झालेली बोटं फिरली, फिरली, आणि पातळ चिठ्ठ्या काही बोटांत येईनात. शेवटी जी हाताला लागली ती वर आली.

"सतरा!" सुधाकररावांनी पुकारा केला.

आसमाने सतरा नंबरचे टाके उसवले. रुई काट्यावर आली: तीन किलो चाळीस ग्रॅम. ठरल्यापेक्षा चाळीस जास्त! मग कलम पाचप्रमाणे रुई चादरीवर पसरून, उलटीपालटी करून चिंध्या आहेत का ते पाहणं आलं. सुधाकरराव स्वतः गुडघ्यांवर बसून, नाक रुईत खुपसून पाहू लागले. पांढरी शुभ्र, लांब धाग्याची रुई. एक काडी नाही. अविनाश म्हणाला, "काका, बस झालं. माझं समाधान झालं."

"समाधानाची करारात तरतूद नाई," सुधाकरराव म्हणाले. "अजून सात."

आसमाने रुई परत खोळीत भरली. इकडे सत्यभामाबाईंनी काय केलं, तर चिठ्ठी नीट घडी करून डब्यात परत ठेवली. घेतलेली वस्तू जागच्या जागी ठेवायची, हे त्यांच्या घरचं वळण. चाळीस वर्षं सुनांना तेच शिकवलं. कुणाचं लक्षही गेलं नाही. दुसऱ्यांदा बेचाळीस निघाला. ती रजई भरली तीन किलो पस्तीस. तिसऱ्यांदा बाईंचा हात डब्यात फिरला आणि सुधाकररावांनी पुकारलं, "सतरा!"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

"सुधाकर," रसूलभाई त्या दिवशी पहिल्यांदाच बोलले, "ते उघडून झाली ना बे."

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? दुसरी चिठ्ठी काढली असती. पण सुधाकररावांच्या हातात फाईल होती. त्यांनी कलम सहा काढलं, बोट ठेवलं आणि वाचलं, "निघालेला क्रमांक अंतिम राहील व त्यावर कोणासही हरकत घेता येणार नाही. चिठ्ठी परत टाकायची नाई, असं कुठं लिहेल हाये?" ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिहिणारे तेच होते, त्यामुळे त्यांना ते पक्कं माहीत होतं.

पुन्हा टाके उसवले. पुन्हा काटा. दोन किलो नऊशे साठ. काठावर पास. पुन्हा चादर, पुन्हा उलटीपालटी, आणि अजिंठ्याच्या घाटाकडून यावा तसा गार वारा सुटलेला. रुईचे पुंजके अंगणभर भिरभिरायला लागले. मोईजच्या मिशा पांढऱ्या झाल्या. पुन्हा भराभरी झाली. बाईंनी चिठ्ठी पुन्हा आठवणीने जागेवर ठेवली, पुन्हा हात घातला, आणि चौथ्यांदा काय निघावं?

"स..." सुधाकररावांनी चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली. पण कलम ते कलम.

या खेपेला काट्यावर आकडा आला: दोन किलो आठशे ऐंशी.

 अविनाशने फाईल घेतली, कलम सात वाचलं, परत वाचलं. बिचारा कानकोंडा होऊन म्हणाला, "काका, एकही नमुना कमी भरल्यास संपूर्ण माल नापास. तुमीच लिहेल हाये. आता मी काय करू? भागीदार आहे माहा. त्याले कागद दाखवा लागते."

 रसूलभाई उठले, सतरा नंबरची रिकामी खोळ उचलली आणि शांतपणे तिची घडी घालायला लागले. आयुष्यात कुणी त्यांना 'कमी भरलं' असं म्हटलं नव्हतं. जमलेली घडी ते मोडून पुन्हा पुन्हा घालत होते, आणि या वेळी मात्र कागद न वाचता सुधाकररावांना सगळं दिसलं.  मशीन सिल्लोडला चाललेलं दिसलं, आणि त्याच्या मागे मागे आपली अकरा पानं.

"चाचाजी," आसमा ताडकन उभी राहिली, "रुई कमी नाई भरली. सोताच्या आंगाकडे पाहा!"

सुधाकररावांनी खाली पाहिलं. स्वेटर कुठे संपतो आणि रुई कुठे सुरू होते ते कळत नव्हतं.

"कुनी हलू नका!" ते ओरडले. "माल इथंच हाये!"

मग अंगणाच्या मधोमध स्वच्छ चादर अंथरली गेली आणि तिच्यावर चौतीस वर्षांची निष्कलंक सेवा झालेला माणूस हात आडवे पसरून उभा राहिला. पद्मजाबाईंना बोलावणं गेलं. त्या कपड्यांचा ब्रश घेऊन आल्या, नवऱ्याकडे एकदा वरून खाली पाहिलं आणि काहीही न विचारता झटकायला लागल्या. काखेतून रुई निघाली, कानामागून निघाली, भुवयांतून निघाली. गल्लीतल्या बाया गच्चीवर आल्या. "मानेवर राह्यली वं पद्मजाताई!" अशा सूचना वरून येऊ लागल्या. मग अविनाशला झटकलं, मोईजच्या मिशा विंचरल्या. पंचेचाळीस ग्रॅम जमलं. अजून पंचवीस हवं होतं.

"स्वेटर काढा," पद्मजाबाई म्हणाल्या.

"अवं, लोक पाहून राह्यले."

"लोक पाह्यतच होते. काढा."

स्वेटर निघाला, आणि त्याच्याबरोबर आतला सदराही, कारण त्याच्याही बाह्यांत रुई होती. हेडक्लार्कसाहेब बनियनवर. स्वेटर उलटा करून बडवल्यावर आणखी पंधरा ग्रॅम निघालं. एकूण दोन किलो नऊशे चाळीस. आता फक्त दहा ग्रॅम कमी! सगळ्यांनी अंगण धुंडाळलं, नाली धुंडाळली. शेवटी मोईजचं लक्ष बकरीकडे गेलं. बकरी डोळे मिटून रवंथ करत होती आणि तिच्या ओठाला पांढरा धागा लोंबत होता.

"इनं खाल्ली," मोईज म्हणाला. "सरजी, बकरी तोलता काय? काटा माहाच हाये."

एक क्षण, अगदी एकच क्षण, सुधाकररावांनी त्याचा विचार केला. बकरीचं मूळ वजन कुठे नोंदलेलं आहे का, इथपर्यंत त्यांचं डोकं गेलं. सत्यभामाबाईंनी बकरीच्या गळ्यात हात टाकला आणि म्हणाल्या, "हात तं लावून पाहा तिले!"

मग सुधाकरराव कुडकुडत फाईलीपाशी गेले. त्यांनी करारनाम्याचं सातवं पान काढलं, पेन उघडलं आणि कलम सहा व सात यांवर एक आडवी रेघ मारली. सरकारी माणसाला अशी रेघ मारताना काय होतं ते ज्याने मारली त्यालाच ठाऊक. बाजूला त्यांनी लिहिलं: 'कलम चूक. रजई बरोबर. चूक लिहिणाऱ्याची.' खाली पूर्ण नावाने सही केली. ते रसूलभाईंसमोर जाऊन उभे राहिले. दात एकमेकांवर आपटत होते.

"रसूल, तुनं चाळीस ग्रॅम जास्तच भरलं होतं. मीच येडा. भरोशाच्या माणसाले मी अकरा पानं वाचायले लावले."

"म्या कुठं वाचले?" रसूलभाई म्हणाले.

ते सुधाकररावांच्या निळ्या पडलेल्या ओठांकडे बघत होते. त्यांनी घडी घातलेली खोळ उलगडली, आसमाने आणि त्यांनी मिळून रुई तिच्यात परत भरली, कडेने चार लांब टाके घातले, आणि ती रजई रसूलभाईंनी सुधाकररावांच्या खांद्यांवरून ओढून गळ्यापाशी घट्ट केली. "बस अठी. उन्हात. न्युमोनिया होईन तुले, अन् पद्मजाभाबी मले कोर्टात नेईन."

सुधाकरराव ओट्यावर टेकले. अविनाश टेम्पोच्या बॉनेटवर फाईल ठेवून डोकं खाजवत उभा होता. कलम सहा आणि सात तर गेली, पण करारनाम्याच्या शेवटी 'नमुना तपासणीचा निष्कर्ष' हा रकाना कोराच होता आणि भागीदाराला काहीतरी दाखवायला हवं होतं. "काका, या रकान्यात काय लिहू?" त्याने विचारलं. उत्तर आलं नाही. त्याने पुन्हा विचारलं. मग सगळ्यांनी वळून पाहिलं.

सुधाकरराव भिंतीला टेकून गाढ झोपले होते. तोंड उघडं, घोरण्याची लय एकदम कायम. चार रात्रींची झोप, आणि दहा ग्रॅम कमी भरलेली रजई. अविनाश जवळ गेला, रजईच्या आत हात घालून बघितला आणि लगेच बाहेर काढला. "बापरे, भट्टीसारखं गरम हाये आत!" तो हसत सुटला. त्याने रकाना भरला: 'सतरा नंबरचा नमुना प्रत्यक्ष पांघरून पाहण्यात आला. पांघरणारा दोन मिनिटांत झोपला, हाका मारूनही उठला नाही. माल पास. याच पद्धतीने आणखी दोनशे रजया घेण्यात याव्यात.'

टेम्पो भरायला सुरुवात झाली. शेवटी अविनाश ओट्यापाशी आला आणि रजईच्या कोपऱ्याला हात घातला, तशी रसूलभाईंनी त्याचा हात धरला.

"एकोणऐंशी घेऊन जाय," ते म्हणाले. "सतरावी उद्या पाठवतो. झोपू दे त्याले."